सौरडाग ओसरले की मोठ्या सौरज्वालाही थांबतात का?

प्रश्न :
लहान दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडून मी काही वर्षांपासून डागांची नोंद ठेवत आहे. सध्याच्या २५व्या सौरचक्राची (डाग वाढून पुन्हा ओसरण्याच्या सुमारे ११ वर्षांच्या आवर्तनाची) कमाल पातळी ऑक्टोबर २०२४मध्ये येऊन गेली. डाग कमी होतील तशा मोठ्या ज्वालाही (सूर्यावरील ऊर्जेचे अचानक होणारे स्फोटही) थांबतील, असे मानावे का?

प्रतिसाद १ :
तसे मानू नये. ज्वालांची एकूण संख्या डागांबरोबर चढते-उतरते, हे खरे आहे. २००८ आणि २००९ या शांत वर्षांत एक्स वर्गाची एकही ज्वाला नोंदली गेली नाही (क्ष-किरणांच्या तीव्रतेनुसार ज्वालांचे चढते वर्ग ए, बी, सी, एम आणि एक्स असे आहेत). मात्र सर्वांत प्रखर ज्वाला अनेकदा उतरत्या काळात येतात. २३व्या चक्राचा भर २०००-२००१मध्ये होता, तरी ४ नोव्हेंबर २००३ची ज्वाला इतकी तीव्र होती की उपग्रहावरील क्ष-किरणमापकाची मर्यादा ओलांडली गेली आणि तिचा वर्ग, सुमारे एक्स २८, अंदाजानेच ठरवावा लागला. २४व्या चक्राचा कमाल बिंदू एप्रिल २०१४चा, पण त्यातील सर्वांत मोठी ज्वाला, एक्स ९.३, ६ सप्टेंबर २०१७ची आहे.

प्रतिसाद २ :
याचे कारण असे की सौरडागांच्या आकड्यात गट आणि डाग मोजले जातात, त्यांच्या चुंबकीय क्षेत्राची गुंतागुंत मोजली जात नाही. एकाच उपच्छायेत (डागाभोवतीच्या फिकट कड्यात) विरुद्ध चुंबकीय ध्रुवीयतेच्या छाया (डागांचे गडद गाभे) दाटीवाटीने आल्या, तर तेथील ताणलेल्या क्षेत्रात साठलेली ऊर्जा मोठ्या ज्वालेतून मोकळी होऊ शकते. सप्टेंबर २०१७चा तो गट आधी साधा, एकटा डाग होता. शेजारी नवे चुंबकीय क्षेत्र वर आले आणि दोन-तीन दिवसांत त्याचे रूप पालटले. म्हणून आपण डागांच्या संख्येबरोबर गटाचा आकार आणि त्याच्या वाढीचा वेगही टिपावा, असे मला आग्रहाने सुचवावेसे वाटते.

प्रतिसाद ३ :
एक सावधगिरी बाळगावी. कमाल काळात सूर्याची क्ष-किरणांची पार्श्वपातळीच (ज्वाला नसतानाची पातळीच) सी वर्गापर्यंत चढते, त्यामुळे बी वर्गाच्या ज्वाला तिच्यात बुडून जातात. संपूर्ण चक्राची तुलना करताना म्हणूनच केवळ एम आणि एक्स वर्गांच्या ज्वाला धराव्यात.

प्रश्नकर्ता :
मनःपूर्वक आभार. माझ्या कागदावर ध्रुवीयता दिसत नाही, परंतु छाया आणि उपच्छाया स्पष्ट दिसतात. यापुढे प्रत्येक मोठ्या गटाचे रोजचे रेखाटन ठेवीन आणि ते त्या दिवशीच्या एम व एक्स ज्वालांशी ताडून पाहीन.