टेकडीवर खड्डे घेणं थांबवायचं का?

कुसळी:
वेताळ टेकडी असो की पुण्याची दुसरी कुठली, जून लागला की गट झाडं लावायला कुदळी-फावडी घेऊन चढतात. हेतू चांगला, जागा चुकीची. वरच्या उतारावर बऱ्याच ठिकाणी जेमतेम वीतभर माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. तिथे २ फुटी खड्डा म्हणजे मुरुमात कोरलेला हौद. जुलैत पाणी तुंबून मुळं कुजतात, मार्चमध्ये रोप वाळतं. वर काढलेला मुरूम उतारावर लोटला की खालचं गवत गाडलं जातं, ते वेगळंच. हा मुळात गवताचा आणि विरळ झाडांचा उतार. चंडोल, टिटवी जमिनीवरच अंडी घालतात. पातळ मातीत एकही खड्डा नको. श्रमदान वणवा अडवण्यात घाला.

आळंवाला:
गवत राखा म्हणायला काय जातं? डिसेंबरपासून ते एका काडीची वाट बघत उभं असतं. आणि वेताळ टेकडीवरून आखलेल्या बालभारती-पौड फाटा रस्त्याचा वाद आठवा. किती झाडं जाणार यावरून भांडण झालं. गवताची मोजदाद कोण करतं? झाडं उभी असली तर निदान हरकत घेता येते.

कुसळी:
हरकतीसाठी लावायची तर जगवा तरी. फेब्रुवारी ते मेअखेर रोपाला आठवड्याला १० लिटर धरा. ५०० रोपं म्हणजे ५,००० लिटर, म्हणजे २० लिटरचे २५० कॅन, दर आठवड्याला, चढावर. फोटो जूनचे असतात, एप्रिलचे नसतात. त्याऐवजी कुसळी गवताचं बी पडून गेल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरात, पायवाटांच्या कडेने ३ मीटर रुंद जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा गवत कापलेला पट्टा, काढा. कापलेलं गवत खाली उतरवा. ढीग तिथेच ठेवलात तर ते आगीला आयतं सरपण.

रानमेवा:
तुम्ही दोघंही ग्लिरिसिडिया, म्हणजे उंदीरमारीची झाडं, विसरलात. झटपट वाढते म्हणून लावलेली उंदीरमारी आता शेंगा तडकवून स्वतःच बी फेकते. दाट सावलीखाली गवतही उरत नाही. खड्डे घ्यायचेच तर ही काढून तिथे, जिथे माती आहे.

आळंवाला:
आणि सरसकट तोडलीत की काय होतं? बुंध्याला झुपकाभर धुमारे फुटतात, आणि मोकळ्या उन्हात कॉसमॉस नाहीतर घाणेरीचं तण घुसतं.

रानमेवा:
सरसकट कोण म्हणतंय? आधी वनखात्याची किंवा जागा ज्याची त्याची लेखी परवानगी. मग तीनातलं एक झाड, तेही जानेवारीत, शेंगा पिकायच्या आत. धुमारे कोवळे असतानाच हाताने मोडायचे, पुढचे दोन पावसाळे पुन्हा पुन्हा. हे काम कंटाळवाणं, म्हणून इथेच गट गळतात. मोकळ्या झालेल्या जागी मोई, पांगारा यांच्या मनगटाएवढ्या जाड फांद्या मेअखेरीस रोवा. त्यांना पिशवीतलं रोप लागत नाही. धावडा मात्र रोपवाटिकेतूनच आणा. त्याचं बी बहुतेक पोकळ निघतं, थेट फेकून उपयोग नाही.

आळंवाला:
पठार सोडायला मी तयार आहे. ओघळी सोडणार नाही. तिथे माती साठते आणि ओल टिकते.

कुसळी:
ओघळीला माझी ना नाही. फक्त त्या मोईच्या फांद्या टेकडीवरचीच चार झाडं बोडकी करून आणू नका.