मदत हवी आहे: पहिलं एस्प्रेसो मशीन, डेडिका, बाम्बिनो की गॅजिया क्लासिक?

नमस्कार मंडळी,

मोका पॉटवर (गॅसवर ठेवायचं कॉफीचं भांडं) चार वर्षं काढली, आता एस्प्रेसो मशीन घ्यायचंय. पिणारे दोघंच. मला काळी लागते, नवऱ्याला दुधाचा फेस. वाचून वाचून डोकं पिकलंय आणि गाडी तीन नावांवर अडकलीये: डेलाँगीचं डेडिका, ब्रेव्हिलचं बाम्बिनो आणि गॅजिया क्लासिक.

खोक्यावरच्या '१५ बार'ला आता भुलत नाही. एस्प्रेसोला ९ बारच्या आसपास दाब पुरतो, १५ ही पंपाची कमाल ताकद.

माझा घोळ आहे बास्केटचा, म्हणजे कॉफीची पूड भरायच्या भोकांच्या वाटीचा. मागच्या महिन्यात मैत्रिणीच्या मशीनवर (ते या तिघांतलं नाही) तिची साधी, एकेरी तळाची बास्केट लावली आणि विकतची तयार पूड १८ ग्रॅम भरली. बटण दाबलं आणि आठ सेकंदांत कप भरला! खरं तर २५-३० सेकंदांत ३६ ग्रॅमच्या आसपास कॉफी उतरायला हवी होती. चव म्हणजे आंबट पाणी, आणि बास्केटमध्ये नुसता चिखल. मग तिने दुहेरी तळाची, एकच बारीक भोक असलेली बास्केट लावली. त्याच पुडीवर छान जाड फेस आला, पण चव तशीच बेताची. म्हणजे विकतची पूड एस्प्रेसोला पुरेशी बारीक नव्हती; बिया घरीच दळायला चांगला ग्राइंडर घेण्यावाचून सुटका नाही, आणि अर्धं बजेट तिथेच जाणार.

आता मशीनचं. डेडिका जेमतेम १५ सेंमी रुंद, ओट्यावर सहज मावेल, पण हँडल (ज्यात बास्केट बसते) ५१ मिमी व्यासाचं. बाम्बिनोचं ५४, आणि ते तीन सेकंदांत तापतं म्हणे. गॅजियाचं हँडल ५८ मिमीचं, म्हणजे बास्केट आणि टॅम्पर (पूड दाबायचा दट्ट्या) हवे तसे मिळतात. शॉट संपला, म्हणजे कॉफी उतरून झाली, की व्हॉल्व्ह उरलेला दाब सोडतो, त्यामुळे चोथा बऱ्यापैकी कोरडा निघतो, आणि मशीन घरी उघडून दुरुस्त करता येतं. मन तिथेच ओढतंय. पण बॉयलर एकच आणि तोही छोटासा: आधी कॉफी, मग दूध फेसायच्या वाफेसाठी थांबा. शिवाय सकाळी नीट तापायला दहा-पंधरा मिनिटं. नवरा तेवढ्यात चहा करून मोकळा होईल.

ज्यांच्याकडे गॅजिया आहे त्यांनी सांगा, रोज सकाळी हे थांबणं जमतं का? डेडिकावर कुणी एकेरी तळाची बास्केट वापरतं का? आणि दोनच कपांसाठी हाताने फिरवायचा ग्राइंडर पुरेल, की आठवड्यात कंटाळा येईल?