सिगारेट सोडायला मोफत मदत कुठे मिळते? आणि निकोटिन गमने उचक्या का लागतात?

प्रश्न: हेल्पलाइनवर फोन केला तर नुसता उपदेश मिळतो की खरी मदत? निकोटिन गम (सिगारेटची तलफ कमी करायला तोंडात ठेवायचं औषधी गम) सुरू केलंय, पण घसा जळजळतो आणि उचक्या थांबत नाहीत.

उत्तर १: खरी मदत मिळते. बऱ्याच देशांत सिगारेटच्या पाकिटावरच हेल्पलाइनचा नंबर छापलेला असतो. समुपदेशक विचारतात: दिवसाला किती, उठल्यावर पहिली कधी, आधी सोडली होती तर कशामुळे परत लागली. उत्तरं लिहूनच फोन करा. सोडण्याची तारीख ठरवा आणि त्यानंतरच्या आठवड्यात ते स्वतःहून फोन करतील का, हे नक्की विचारा. मोफत गम किंवा पॅच (त्वचेवर चिकटवायची निकोटिनची पट्टी) कुठे मिळेल तेही विचारा; न विचारल्यामुळे हे अनेकदा राहून जातं.

उत्तर २: गम च्युइंगगमसारखं चघळताय, म्हणून उचक्या. निकोटिन गालाच्या आतून शोषलं जायला हवं. लाळेबरोबर पोटात गेलं की मळमळ, जळजळ होणारच. हळूहळू चावा, तिखट झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मधे ठेवून द्या. झिणझिण्या गेल्या की पुन्हा चावा, जागा बदला. असं अर्धा तास. आधी १५ मिनिटं आणि गम तोंडात असताना कॉफी, सरबत, सोडा नको. आम्लामुळे निकोटिन नीट शोषलं जात नाही.

उत्तर ३: उठल्यापासून ३० मिनिटांत पहिली सिगारेट लागत असेल तर ४ मिग्रॅचं गम, नाहीतर २ मिग्रॅचं. गरोदरपणात किंवा नुकताच हार्ट अटॅक आलेला असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.