जुनी इनोव्हा की नवी रुमियन? सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

बी-७०१ :
सर्वांना नमस्कार. गाडीविषयी थोडा सल्ला हवा आहे. आई-बाबा आता कायमचे आमच्याकडे राहायला आल्यामुळे घरात सात माणसे झाली आहेत आणि सावंतवाडीला जायचे म्हटले की दोन गाड्या काढाव्या लागतात. माझ्या मावसभावाकडे २०१३ची डिझेल इनोव्हा आहे आणि ती तो विकणार आहे. दुसरीकडे, थोडे कर्ज काढले तर टोयोटाचीच नवी सात आसनी रुमियन घेता येईल. दोन्ही गाड्यांवर बोधचिन्ह एकच आहे, तेव्हा भरवसाही सारखाच धरावा का? ज्यांनी या कंपनीच्या गाड्या वापरल्या आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

सी-२०४ :
जुनी इनोव्हा डोळे झाकून घ्या. ते इंजिन लाखो किलोमीटर कुरकुर न करता चालते, हे कोणताही ट्रॅव्हल्सवाला तुम्हाला सांगेल.

सी-४०४ :
डोळे उघडे ठेवूनच घ्यावी, असे मी म्हणेन. या कंपनीविषयी आपल्याकडे एक प्रकारचा भक्तिभाव आहे आणि जुन्या इनोव्हाच्या किमतीत तो भक्तिभावही आपल्याला विकला जातो. अचानक वेग वाढण्याच्या तक्रारींमुळे २००९-१० मध्ये याच कंपनीला जगभरातून लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. २०१०च्या फेब्रुवारीत अध्यक्ष आकिओ टोयोडा यांनी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे जाऊन माफी मागितली आणि २०१४ मध्ये तेथील न्याय खात्याशी १२० कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. अगदी अलीकडे, २०२४च्या जानेवारीत, डिझेल इंजिनांच्या शक्तिचाचणीत अनियमितता झाल्याचे उघड झाले आणि इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर व हायलक्स या गाड्यांची रवानगी भारतातही काही काळ थांबली. गाडी चांगली असेल, पण देव नव्हे.

ए-२०३ :
सी-४०४ यांचे म्हणणे रास्त आहे, आणि त्यातल्या शेवटच्या प्रकरणाचा तपशील तर अधिकच बोचरा आहे. ती गडबड सापडली टोयोटा इंडस्ट्रीज या कंपनीत, आणि टोयोटा इंडस्ट्रीज म्हणजे दुसरेतिसरे काही नसून साकिची टोयोडा यांनी १९२६ साली काढलेला स्वयंचलित मागांचा कारखाना. मोटारकंपनी याच कारखान्याच्या पोटी जन्मली. माझी सारी नोकरी सूतगिरणीच्या विणकाम खात्यात गेल्यामुळे या घराण्याविषयी मला पहिल्यापासून कुतूहल आहे, म्हणून जरा लांबण लावतो. ज्यांना घाई असेल त्यांनी हा संदेश खुशाल ओलांडून पुढे जावे.

साकिची हे सुताराचे चिरंजीव. १८९१ साली त्यांनी लाकडी हातमागाचे पहिले पेटंट घेतले, आणि पुढची तीसएक वर्षे ते एकाच प्रश्नाच्या मागे होते : धागा तुटला की माग आपण होऊन थांबला पाहिजे. ज्यांनी माग पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ताण्याच्या, म्हणजे कापडातल्या उभ्या, प्रत्येक धाग्यावर धातूची एक पातळ पट्टी लोंबकळत असते. धागा ताठ आहे तोवर ती वर राहते, तुटला की खाली पडते आणि तिच्या पडण्याने माग जागच्या जागी थांबतो. ही सोय नसेल तर तुटल्या धाग्यासकट कापड पुढे विणले जाते, दोष वार-दोन वार खाली गेल्यावर लक्षात येतो आणि तेवढा तुकडा बाद होतो. १९२४ च्या ‘जी’ मागात याच्या जोडीला आणखी एक करामत होती. धोट्यातला बाणा, म्हणजे आडवा धागा, संपत आला की माग न थांबता नवा धोटा बसत असे. त्यामुळे एकच कामगार अनेक मागांवर लक्ष ठेवू शकत होता. मुंबईच्या गिरण्यांना यंत्रे पुरवणारी ओल्डहॅमची प्लॅट ब्रदर्स ही त्या काळातली दादा कंपनी, पण १९२९ साली तिनेच या जपानी मागाचे हक्क घेण्याचा एक लाख पौंडांचा करार केला. हा पैसा साकिचींचे पुत्र कीइचिरो यांच्या मोटारीच्या वेडाला लागला, अशी कथा कंपनीत सांगितली जाते.

कीइचिरो यांनी १९३३ साली मागांच्या कारखान्यातच मोटारविभाग सुरू केला, १९३६ साली ‘एए’ ही पहिली प्रवासी गाडी बाजारात आली आणि १९३७ साली स्वतंत्र कंपनी झाली. सुरुवात फार गौरवास्पद नव्हती. ‘जी-वन’ हा पहिला ट्रक वाटेत वारंवार बंद पडे आणि तो दुरुस्त करायला कारखान्याची माणसे धावत. युद्धानंतर कंपनी दिवाळखोरीच्या काठावर पोहोचली, १९५० साली कामगारकपात आणि संप झाला आणि कीइचिरोंना राजीनामा द्यावा लागला. कोरियाच्या युद्धात अमेरिकी सैन्याने ट्रक मागवले म्हणून कंपनी तरली. कीइचिरो मात्र १९५२ साली वारले. पुढे १९५७ साली ‘क्राउन’ ही गाडी अमेरिकेत पाठवली, तर तिथल्या लांबरुंद महामार्गांवर तिचा दम उखडला आणि विक्री थांबवावी लागली. माझ्या मते या कंपनीचा आजचा सावधपणा या दोन तडाख्यांतून आलेला आहे.

ज्यांच्या उत्पादनपद्धतीचे गोडवे व्यवस्थापनाच्या वर्गांत गायले जातात ते ताइइची ओनो हेदेखील सूतगिरणीतूनच १९४३ साली मोटारकारखान्यात आले होते. जुळणीच्या साखळीवरील कोणत्याही कामगाराला दोष दिसला तर त्याने दोरी ओढायची आणि काम थांबवायचे, ही त्यांच्या कारखान्याची पद्धत मागावरच्या त्या पट्टीचीच पुढची आवृत्ती आहे. म्हणूनच २०२४ मध्ये खुद्द मागांच्या घराण्यातच चाचणीचे आकडे गुळगुळीत करून घेतल्याचे वाचले तेव्हा मला वाईट वाटले. तिथे दोरी ओढायला कोणी उभे राहिले नाही.

सी-४०४ :
काका, इतिहास आवडला. पण मागाची पट्टी १९२४ची आणि गाडी २०१३ची. यातून बी-७०१ यांनी नेमके काय घ्यावे?

ए-२०३ :
तिकडेच येतो आहे. भारतातली गोष्ट आपल्या जवळची आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली, मग कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर केले आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. त्यांचे पणतू विक्रम किर्लोस्कर यांनी टोयोटाशी जी भागीदारी केली तिची सुरुवात मोटारीपासून झाली नव्हती. १९९५ साली बंगळुरूजवळ आधी वस्त्रोद्योगाच्या यंत्रांचा कारखाना निघाला आणि मग १९९७ साली बिडदीची मोटारकंपनी स्थापन झाली. २०२२च्या नोव्हेंबरात मुंबईत इनोव्हा हायक्रॉस या नव्या गाडीचे अनावरण झाले, त्याला ते उपस्थित होते आणि त्यानंतर अवघ्या काही दिवसांत त्यांचे निधन झाले.

२००० साली क्वालिस आली तेव्हा तिच्या डबड्यासारख्या दिसण्याची यथेच्छ टिंगल झाली. इंडोनेशियातल्या किजांग या गाडीचे ते आधीच्या पिढीतले रूप होते, म्हणजे शिळेच म्हणायचे. तरी टूरवाल्यांनी आणि मोठ्या कुटुंबांनी तिला उचलून धरले आणि ऐन विक्रीच्या भरात कंपनीने २००५ साली ती बंद करून इनोव्हा आणली. आमच्याकडे आधी क्वालिस होती, नंतर इनोव्हा आली. इनोव्हाचे अडीच लिटरचे डिझेल इंजिन शंभरेक अश्वशक्तीचे, म्हणजे कागदावर काही मोठे नव्हे, पण आंबोली घाटात सातही जागा भरलेल्या, टपावर सामान, अशा स्थितीत दुसऱ्या गिअरमध्ये ते ज्या शांतपणे वर चढते ते अनुभवल्यावर आकडे आठवत नाहीत. मागच्या माणसांसाठी छतात वाऱ्याच्या झडपा आहेत आणि त्यांच्या पंख्याचे बटण वेगळे आहे, ही सोय मे महिन्यात कोकणात जाणाऱ्यालाच कळते. उणे बाजूही सांगतो : गाडी रिकामी असली की खराब रस्त्यावर मागची रांग उसळते, क्लच जड आहे, सकाळी इंजिन सुरू केले की खालच्या मजल्यावरच्यांना समजते, आणि सांगाड्यावर बसवलेली उंच गाडी असल्यामुळे वळणावर कलते. या गाडीची कीर्ती अशा वापरातून झाली आहे, जाहिरातीतून नव्हे.

आता रुमियनविषयी. २०२३ साली आलेली ही गाडी म्हणजे मारुती सुझुकीची अर्टिगा आहे; इंजिन सुझुकीचे, कारखाना सुझुकीचा, बोधचिन्ह टोयोटाचे. दोन्ही कंपन्यांनी २०१८ मध्ये भारतात एकमेकींना गाड्या पुरवण्याचे ठरवले, त्यातून २०१९ साली मारुतीच्या बलेनोची टोयोटा ग्लान्झा झाली, आणि उलट बाजूने २०२३ साली हायक्रॉसची मारुती इन्व्हिक्टो झाली. यात फसवणूक काही नाही, सगळे जाहीर आहे. अर्टिगा ही हलकी, किफायतशीर आणि चांगली गाडी आहे. पण इनोव्हाने वीस वर्षांत कमावलेला लौकिक रुमियनच्या नावावर जमा करता येत नाही. रुमियन घ्यायची असेल तर अर्टिगाच्या मालकांना विचारा, इनोव्हाच्या मालकांना नव्हे. आणि इनोव्हा घ्यायची असेल तर त्या एका गाडीची देखभालीची वही तपासा, टोयोटाची नव्हे. (जाता जाता : सुझुकीही मुळात मागवालीच. मिचिओ सुझुकी यांनी १९०९ साली हमामात्सुला मागांचा कारखाना काढला, आणि साकिचींचे गाव, म्हणजे आजचे कोसाई, हमामात्सुला लागूनच आहे.)

डी-१०२ :
काकांचे लिहिणे वाचून फार छान वाटले. आमच्याकडे हायब्रिड हायक्रॉस आहे आणि ती मुख्यतः मीच चालवते, म्हणून एक वेगळा मुद्दा मांडते. नावात इनोव्हा असले तरी ही गाडी जुन्या इनोव्हाची मुलगी नाही. तिला खालचा वेगळा सांगाडा नाही, ओढ पुढच्या चाकांना आहे आणि डिझेल तर नाहीच. सिग्नलच्या गर्दीत ती विजेवर इतकी निःशब्द सरकते की पादचारी बाजूला होत नाहीत, त्यामुळे मी गल्लीत मुद्दाम हॉर्न देते. बी-७०१ यांच्या घरात ज्येष्ठ मंडळी आहेत, तेव्हा इंजिनाइतकाच पायरीचा विचार करा. माझ्या सासूबाईंचे गुडघे दुखतात. जुन्या इनोव्हात चढताना त्यांना हात धरून वर घ्यावे लागत असे, हायक्रॉसमध्ये त्या आपल्या आपण बसतात. जुनी गाडी घेतलीत तर दाराखाली पायरी बसवून घ्या आणि आईंना एकदा प्रत्यक्ष बसवून पाहा, तिसऱ्या रांगेत नव्हे, मधल्या.

बी-७०१ :
ताई, हा विचार माझ्या मनात आलाच नव्हता, आभारी आहे. आणखी एक शंका आहे. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आहे असे ऐकतो, मग २०१३ची गाडी घेण्यात अर्थ आहे का?

सी-४०४ :
तो दहा वर्षांचा प्रश्न दिल्ली आणि भोवतालच्या राजधानी क्षेत्रातला आहे, महाराष्ट्रातला नाही. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर आरटीओत तपासणी करून, पर्यावरण कर भरून ती वाढवून घ्यावी लागते. म्हणजे तुमच्या मावसभावाच्या गाडीला २०२८ मध्ये हा सोपस्कार करावा लागेल, आणि किंमत ठरवताना तुम्ही तो मुद्दा अवश्य काढावा. नात्यातला व्यवहार आहे म्हणून कागद सोडू नका. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र घेऊन बोजा उतरवला आहे का ते पाहा, विमा तुमच्या नावावर करून घ्या आणि गाडी कधी काळी पिवळ्या पाटीवर चालली आहे का, हे नोंदणीच्या इतिहासात तपासा. इनोव्हाच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे, कारण टूरवर राबलेल्या कितीतरी गाड्या पुढे पांढरी पाटी लावून बाजारात येतात.

ए-२०३ :
त्यात एक भर. या इंजिनाला टायमिंग बेल्ट, म्हणजे झडपा आणि पिस्टन यांची चाल जुळवून ठेवणारा पट्टा, आहे. पुढच्या क्रिस्टामध्ये कंपनीने साखळी आणली. ठरलेल्या अंतरानंतर बेल्ट बदलला नाही आणि तो तुटला, तर झडपा पिस्टनवर आदळून अख्खे इंजिन उघडावे लागते, मग लाखो किलोमीटरच्या गप्पा तिथेच संपतात. बदलल्याची पावती असेल तर उत्तम. नसेल तर तो खर्च धरूनच भाव करा आणि गाडी ताब्यात आल्यावर पहिले काम तेच करा. गाडी पाहायला जाल तेव्हा इंजिन पूर्ण थंड असताना सुरू करायला सांगा. मावसभाऊ आधीच गरम करून ठेवेल असे मी म्हणत नाही, पण थंड इंजिनाचा आवाज आणि पहिला धूर जे सांगतो ते गरम इंजिन सांगत नाही.

बी-७०१ :
काका, ठरले. रविवारी सकाळी लवकर जातो, आईला घेऊनच जातो आणि बेल्टच्या पावतीचे मावसभावाला आजच विचारतो. रुमियनचा विचार सोडलेला नाही. सी-विंगमध्ये अर्टिगा असलेल्यांना उद्या भेटेन.

सचिव :
चर्चा उद्बोधक झाली, सर्वांचे आभार. एक प्रशासकीय बाब निदर्शनास आणून देतो. बी-७०१ यांच्या नावे सध्या यांत्रिक पार्किंगमधील खालचा कप्पा आहे आणि इनोव्हाची उंची पावणेदोन मीटरच्या घरात असल्याने ती त्यात बसणार नाही. जमिनीवरच्या जागेशी अदलाबदल करण्यास कोणी सभासद तयार असल्यास त्यांनी शनिवारपर्यंत कार्यालयात लेखी कळवावे, म्हणजे गाडी येण्यापूर्वी समितीची मंजुरी घेता येईल.

डी-१०२ :
आमची छोटी गाडी जमिनीवरच्या जागेत उभी असते, ती त्या कप्प्यात सहज बसेल. उद्या अर्ज देते.