रेड बे : श्रेय पाणबुड्यांचं की कागदांचं?

दप्तरी: काल सागरवेडा लिहून गेले, "कॅनडातल्या लाब्राडोरच्या रेड बे बंदरातली, सोळाव्या शतकातल्या बास्क लोकांची (स्पेन-फ्रान्स सीमेवरचे) देवमासेमारी पाणबुड्यांनी उजेडात आणली, कागद चाळून इतिहास सापडत नाही." डोकंच फिरलं! नवरा गेलेला, चार मुलं पदरात, इंग्रजी शिकवून घर चालवणाऱ्या सेल्मा बार्कहम स्पेनमधल्या ओन्यातीच्या दप्तरखान्यात मृत्युपत्रं, विम्याचे करार, कोर्टातले तंटे वाचत बसल्या. त्यातून बंदरं हुडकली, १५६५ मध्ये बुडालेलं जहाज हुडकलं. १९७७ मध्ये स्वतः तिथे गेल्या. पार्क्स कॅनडा या सरकारी वारसा खात्याचे पाणबुडे उतरले १९७८ ला. कुठे उतरायचं हे त्यांना कोणी सांगितलं?

सागरवेडा: आवाज चढवू नका. जहाजाच्या सांगाड्याखाली चिरडलेली शिकारीची होडी कुठल्या नोटरीने नोंदवली होती? मारलेले निम्मे देवमासे राइट व्हेल जातीचे, निम्मे बोहेड जातीचे, असंच मानत होते ना सगळे? हाडांच्या डीएनएने ते खोटं पाडलं. जवळपास सगळे बोहेड निघाले.

माळ्यावरचा: आमच्या घरची मोडी दप्तरं चुलत्यांनी रद्दीत घातली. वाचणारंच कोणी नव्हतं. कागदाला कमी लेखलं की हे असं होतं.

सेंट जॉन्सची: रेड बेमधल्या सॅडल आयलंड बेटावर मी फिरले आहे. चरबी कढवायच्या भट्ट्यांवर छपरं होती, त्यांच्या लाल कौलांचे तुकडे पायाखाली येतात. अर्धगोल, आपल्या नळीच्या कौलांसारखे. पलीकडे देवमासेमाऱ्यांच्या साठहून जास्त कबरी. त्या माणसांबद्दल कोणी बोलणार का?

करदाता: मला एवढंच सांगा, जहाज वर काढलं, मोजलं आणि परत पाण्यात पुरलं? मग लोकांनी बघायचं काय?

दप्तरी: विषय तो नाही.

सागरवेडा: तोच आहे! तीनेक हजार लाकडं. पाण्यात मुरलेलं लाकूड नुसतं सुकू दिलं की आक्रसतं, तडकतं. स्वीडनच्या 'वासा' या समुद्रातून काढलेल्या जहाजावर १७ वर्षं पॉलिइथिलीन ग्लायकोल (लाकूड आक्रसू न देणारं रसायन) फवारलं, तरी लाकडात आम्ल तयार झालंच. इथे एकेक लाकूड चितारलं, साचे घेतले, मग थंड पाण्यात वाळूखाली ठेवलं. तिथे प्राणवायू पोचत नाही.

करदाता: म्हणजे पैसे नव्हते, असं सरळ म्हणा. आमच्या गावचं जुनं गलबत किनाऱ्यावर कुजून गेलं, तेव्हाही सगळे तज्ज्ञ असंच बोलत होते.

सेंट जॉन्सची: चिरडलेली ती होडी तिथल्या संग्रहालयात जोडून ठेवली आहे. आधी येऊन बघा, मग बोला.

सागरवेडा: दप्तरी, पत्ता बार्कहमबाईंनी दिला, घ्या, मानलं. पण पाण्यात त्या उतरल्या नव्हत्या.

दप्तरी: एवढं कालच लिहिलं असतंत तर मी उत्तरच दिलं नसतं. आता मूळ धाग्यात त्यांचं नाव घाला.