घरातला कार्डिओ: कोणी कोणी उड्या मारल्यात?

खारूताई
काल भाचीच्या खोलीतून "शेवटची तीस सेकंदं, थांबायचं नाही!" असं मोठ्याने ऐकू आलं आणि माझ्या पोटऱ्या आपोआप ताठ झाल्या. तिने नवीन काहीतरी सुरू केलंय, फोन भिंतीला टेकवून.

मीही काही वर्षांपूर्वी तो साठ दिवसांचा कार्यक्रम केला होता. नाव घेत नाही, ओळखणारे ओळखतील. आठवड्यातले सहा दिवस उड्या, सुट्टी एकच. एरवी इंटरव्हल म्हणजे थोडा वेळ जोरात आणि मग भरपूर विश्रांती. इथे सगळं उलटं, तीन-तीन मिनिटं तुटून पडायचं आणि श्वास घ्यायला जेमतेम अर्धा मिनिट. दर पंधरवड्याला परीक्षा, मिनिटाला किती झाल्या ते वहीत लिहायचं. ती वही अजून आहे. पहिल्या पानावरचं अक्षर धावत्या गाडीत लिहिल्यासारखं दिसतंय.

दम वाढला हे खरं. जिना चढताना फोनवर बोलता यायला लागलं. वजनाचा काटा मात्र ढिम्म, कारण भूकही तशीच लागायची. भाचीला "कर" म्हणू की "जपून" म्हणू ते ठरत नाहीये. लिहा तुमचे अनुभव. अर्धवट सोडलेलेही चालतील, तेच जास्त असणार.

धापाधाप
पहिल्या दिवशी मॅट गुंडाळली, पाणी प्यायलो, बायकोला म्हटलं "दमवतो, पण जमेल." तेवढ्यात स्क्रीनवरचा म्हणाला, वॉर्मअप झाला, आता सुरुवात करू.

खालचा_मजला
मी केला नाही. माझ्या डोक्यावर झाला. वरचं जोडपं रोज सकाळी करायचं. मला क्रम पाठ झाला होता, कधी पंखा हलणार ते आधीच कळायचं. एकदा मधली शांतता फारच लांबली म्हणून काळजीने वर जाऊन बेल वाजवली. दार उघडायला पाच मिनिटं लागली. दोघंही लालबुंद, बोलायची सोय नव्हती, हातानेच "ठीक आहोत" सांगितलं.

खारूताई
@खालचा_मजला हाहाहा! आमच्या खालच्या काकू जिन्यात भेटल्या की बघून न बघितल्यासारखं करायच्या. जाड मॅट घेतली तरी फरक नाही पडला.

निमूट
अर्धवटवाल्यांत मी. सविस्तर नंतर लिहिते, बाळ उठलंय.

जरा_थांबा
ज्यांना चार मिनिटांचं तबाता वगैरे सोपं वाटतं त्यांच्यासाठी. इझुमी ताबाता यांचा तो अभ्यास १९९६चा. २० सेकंद जोर, १० सेकंद विश्रांती, सात-आठ फेऱ्या. पण तो जागेवरच्या सायकलवर, तरुण आणि आधीच खेळात असलेल्या मुलांवर केलेला. जोरही कसा, तर शरीर जास्तीत जास्त जेवढा प्राणवायू वापरू शकतं त्या पातळीच्याही १७० टक्के. शेवटच्या फेरीत पाय चालेनासे झाले पाहिजेत असा हिशेब. सोफ्यावरून उठून चार मिनिटं हातपाय हलवले की ते तबाता नव्हे. व्यायाम आहे, छानच आहे, पण ते नव्हे.

धापाधाप
चार मिनिटं वाचून खूश झालो होतो. १७० टक्के वाचून परत बसलो.

अनामिका_२
हे कोणी लिहिणार नाही म्हणून मीच लिहिते. दुसऱ्या बाळंतपणानंतर उत्साहाने सुरू केलं आणि पहिल्याच जंपिंग जॅकला कपडे ओले. घामाने नव्हे. मला वाटलं माझंच काहीतरी बिघडलंय. नंतर मैत्रिणींशी बोलले तर निम्म्या म्हणाल्या "अगं, माझंही." आणि आम्ही सगळ्या व्यायामाआधी दोनदा बाथरूमला जाऊन गप्प बसलेलो.

शेवटी फिजिओकडे गेले. तिने ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायला शिकवले. आत आणि वर ओढून धरायचं, मग पूर्ण सैल सोडायचं. सैल सोडणं लोक विसरतात म्हणाली. आणि खोकला, शिंक किंवा उडी यायच्या क्षणभर आधी आवळायचं. दोन-तीन महिने नेमाने करावं लागतं, आठवड्यात फरक शोधू नका. तोवर उड्या बंद, एक पाय बाजूला टाकून तेच सगळं. घाम तेवढाच आला.

खारूताई
@अनामिका_२ थँक्यू गं. भाचीच्या आईला, म्हणजे माझ्या बहिणीलाच हे दाखवते.

निवृत्त_नाडी
आमच्या नातवाने घड्याळ बांधलं मनगटावर आणि सांगितलं, आजोबा, २२० वजा वय, तुमचे मिनिटाला जास्तीत जास्त १५६ ठोके, त्याच्या पुढे नको. पण मी घेतो ती बीटा ब्लॉकर. ही गोळी नाडी वाढूच देत नाही. मी घामाघूम आणि घड्याळ म्हणतंय आरामात आहात! शिवाय ते सूत्र सरासरीचं, एकेका माणसात दहा-बारा ठोके इकडेतिकडे सहज होतात.

डॉक्टरांनी आधी ट्रेडमिलवर चालवून तपासणी केली, मग म्हणाले, बोलून बघत जा. बोलता येतंय पण गाता येत नाही, तर व्यायाम मध्यम. दोन-चार शब्दांवर श्वास तुटतोय, तर जोराचा. मला मध्यम सांगितलाय. मी गाणं म्हणून बघतो. घरच्यांचं म्हणणं की आजोबा, व्यायाम न करताही तुम्हाला गाता येत नाही.

जरा_थांबा
आजोबा, दंडवत _/\_

मनीची_आई
आमच्या मांजरीला मॅट म्हणजे तिचीच वाटते. प्लँक घेतला, म्हणजे कोपरांवर आणि चवड्यांवर अंग ताठ धरलं, की बरोबर पोटाखाली येऊन झोपते. खाली पडायची सोय नाही, त्यामुळे माझा प्लँक सगळ्यात चांगला.

खालचा_मजला
मांजर भाड्याने मिळेल का? वरच्यांना द्यायची आहे.

पांढरा_कोट
दवाखान्यात दोन पेशंटच्या मधे लिहितोय. अंग आंबणं वेगळं आणि दुखापत वेगळी. आंबलेलं अंग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्तीत जास्त दुखतं आणि मग उतरतं. लोक लॅक्टिक आम्लाला दोष देतात, पण ते तासाभरात रक्तातून निघून जातं. उडीवरून खाली येताना स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो, तिथे बारीक इजा होते, दुखतं ते त्याने. म्हणूनच जिना चढताना बरं आणि उतरताना आई गं.

पण खूप दिवसांनी एकदम अतिरेक केल्यावर स्नायू सुजले, हातपाय उचलवेनात आणि लघवी गडद तपकिरी झाली, तर वाट बघत बसू नका. स्नायूंच्या पेशी फुटून मूत्रपिंडावर ताण येतो, त्याच दिवशी दाखवा. छातीत दाब, चक्कर असेल तर "शेवटची तीस सेकंदं" गेली खड्ड्यात.

आणि जागतिक आरोग्य संघटना २०२० पासून सांगतेय की मोठ्या माणसाला जोराचा व्यायाम आठवड्याला ७५ ते १५० मिनिटं. सहा दिवस चाळीस मिनिटं म्हणजे २४०. कमी केलंत म्हणून कोणी नापास करत नाही.

धापाधाप
डॉक्टर, कमोडवर बसताना भिंतीला धरावं लागतं, हे कशात मोडतं?

पांढरा_कोट
आंबण्यात. चौथ्या दिवशी भिंत सोडा.

खारूताई
@पांढरा_कोट २४० हा हिशेब मी तेव्हा केलाच नव्हता! भाचीला एक दिवसाआड सांगते. मधल्या दिवशी बैठका, जोर वगैरे. बर्पीचं, म्हणजे खाली बसून पाय मागे फेकायचे, परत पुढे घ्यायचे आणि उठून उडी मारायची, त्याचं काय करू पण? तिला बर्पीच नकोत आणि त्याच सगळीकडे.

जरा_थांबा
बर्पी नावाच्या माणसाने १९३०च्या दशकात ती तंदुरुस्तीची चाचणी म्हणून काढली होती. चारच मारायच्या आणि आधी-नंतर नाडी मोजायची. शेवटची उडीही त्यात नव्हती. ती आणि शेकडा मारायची हौस नंतरच्यांची. भाचीला सांगा एकेक पाय मागे टाक, एकेक पुढे घे, उडीऐवजी नुसती उभी राहा.

निमूट
आले. बाळ झोपलं. माझं थांबलं ते नडगीमुळे. नडगीच्या आतल्या कडेला दुखायला लागलं, आधी फक्त उड्यांना, मग चालतानाही. फरशीवर अनवाणी करत होते. थांबवलं, दुखणं पूर्ण गेल्यावर बूट घालून पुन्हा सुरू केलं, निम्म्या वेळाने आणि उड्या न मारता. आता बाळाला कडेवर घेऊन बैठका काढते. ते हसतं, मोजणी चुकते. बरं, मॅटवर बूट घसरतात का हो कोणाचे?

मनीची_आई
पातळ योगा मॅटवर घसरतात. जाड रबराची घे. आणि मांजर असेल तर दोन घे.