लहान बोन्सायची छाटणी कधी केलीत, कुठे कापलंत? तुमचे अनुभव

रोप कुंडीत रुजलं की कात्री हातात घ्यावीशी वाटतेच. पण पहिली छाटणी कधी करायची हे तुम्ही कशावरून ठरवलंत आणि काप नेमका कुठे घेतलात? झाडाचं नाव जरूर सांगा, कारण फायकसला (वड-पिंपळाच्या जातीतलं झाड) मानवतं ते ज्युनिपरला (सूचिपर्णी झाड) मानवेलच असं नाही. सुरुवात मी करते.

माझं फायकस. मी आधी बुंधा बघते. तो पेन्सिलीएवढा असताना सारखी छाटणी करत राहिलं तर वर्षानुवर्षं तेवढाच राहतो, कारण खोड भरतं ते पानांच्या जोरावर. म्हणून अगदी खालची एक फांदी मी मुद्दाम मोकाट वाढू दिली. जाडी येते ती अशा फांदीच्या खाली असलेल्या खोडाला, वरच्या खोडाला नाही. तेव्हा ती कुठे ठेवायची याचा आधीच विचार करावा. बुंधा मनासारखा भरल्यावर ती काढून टाकली. जखम मोठी झाली, पण फायकस जोरात असेल तर ती हळूहळू भरत जाते.

•

शेंड्यात तयार होणारं ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक खाली उतरतं आणि बाजूच्या डोळ्यांना, म्हणजे जिथून नवी फूट येते त्या कोंबांना, दाबून ठेवतं. शेंडा कापला की ते डोळे फुटतात. मी चिंच वाढवतो. काप डोळ्याच्या किंचित वर घेतो आणि त्याआधी तो डोळा कुठे बघतोय ते पाहतो, कारण नवी फांदी त्याच दिशेने निघते. बाहेर बघणारा डोळा सापडेपर्यंत मी कात्री लावत नाही, मग त्यासाठी फांदी हवी त्यापेक्षा थोडी लांब राहिली तरी चालेल.

•

ज्युनिपरवाल्यांनी यातलं जपून घ्यावं. फांदीवर थोडं तरी हिरवं ठेवावंच लागतं. पूर्ण बोडकी केलेली फांदी बहुतेक वेळा वाळते. शेंडे कात्रीने सरसकट कापले तर टोकं तपकिरी पडतात, म्हणून मी दाट झालेला भाग आतून विरळ करते.

•

जेड (जाड, रसाळ पानांचं रोप) असेल तर पेराच्या वर थोडा खुंट ठेवून कापा. तो आपोआप पेरापर्यंत वाळून गळतो. काप सुकेपर्यंत पाणी देऊ नका, नाहीतर सड लागते. माझ्याकडे याहून वेगळं काही करावंच लागलं नाही.

•

‘कधी’बद्दल माझं मत ठाम आहे: कॅलेंडर नंतर, झाड आधी. नवी पानं येऊन कडक झाली आहेत, शेंडे पुढे सरकताहेत, म्हणजे झाडाकडे अन्नाचा साठा आहे. मोठी छाटणी तेव्हा करावी, किंवा वाढीचा हंगाम सुरू होण्याच्या तोंडावर. नुकती कुंडी बदललेली असेल, मुळं कापलेली असतील, तर नवी फूट जोमाने येईपर्यंत मी हात लावत नाही. एका वेळी मुळं तरी कापावीत नाहीतर फांद्या, दोन्हीकडून जोराची छाटणी कोवळ्या झाडाला झेपत नाही. बोगनवेलीला नव्या फुटीवर फुलं येतात, म्हणून तिचा बहर ओसरला की लगेच छाटते.

•

पहिल्या अनुभवात थांबायला सांगितलंय ते बुंध्यासाठी पटतं, पण एका ठिकाणी थांबू नये. खोडाच्या एकाच जागेतून तीन-चार फांद्या फुटल्या तर तिथे गाठ येते आणि खोड खालपेक्षा वर जाड दिसायला लागतं. ते नंतर दुरुस्त करणं फार अवघड. मी तिथे दोनच ठेवतो, बाकीचे कोंब हिरवे असतानाच खुडतो. कुठले ठेवायचे हे ठरत नसेल तर नको वाटणाऱ्या फांदीवर कापड गुंडाळून झाड काही दिवस समोरून बघतो. झाडाची समोरची बाजूच अजून ठरली नसेल, तर दोन्ही बाजूंनी चालेल अशी फांदी ठेवावी आणि जाड फांद्यांचा निर्णय पुढच्या हंगामावर टाकावा.